जुन्या दिवाणी दाव्याच्या निकालाची नक्कल कशी काढायची? केस नंबरच माहीत नाही

तुमचं म्हणणं असं की आजोबांचा १९८० च्या आसपास तालुक्याच्या कोर्टात भावकीशी वाटणीचा दावा झाला होता, निकालाचा कागद घरात नाही, नंबर कुणाला आठवत नाही, वकील वारले, ऑनलाइन काही दिसत नाही, मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का. मी वकील नाही, पण माझ्या माहेरच्या जमिनीसाठी जवळपास हेच सगळं मी केलंय, सव्वा वर्ष गेलं त्यात, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे ते माहितीच्या अधिकाराचं डोक्यातून काढा. मीही आधी तोच अर्ज टाकला होता आणि महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं की नियमाप्रमाणे नक्कल अर्ज करावा. तेव्हा चिडले होते पण ते बरोबरच होतं. सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगून टाकलंय की केसमधले कागद हवे असतील तर त्या त्या हायकोर्टाच्या नियमांप्रमाणे कोर्टाकडेच नक्कल मागायची, माहिती अधिकाराने नाही. पक्षकार असाल तर साधा अर्ज चालतो, तिऱ्हाईत असाल तर कागद कशाला हवाय ते प्रतिज्ञापत्रावर लिहून परवानगी काढावी लागते. तुम्ही नातू म्हणजे वारस, तेव्हा आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा काहीतरी कागद फाईलमध्ये ठेवाच, मला पहिल्याच दिवशी विचारला होता.

आता खरं काम. कोर्टात सगळं नंबरावर चालतं. "आमच्या आजोबांची केस" असं म्हणत खिडकीवर गेलात तर आतला माणूस मान वर न करता विचारणार, नंबर काय, साल काय. वाटणीचा दावा म्हणजे बहुतेक रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर असणार, इंग्रजी कागदावर तोच आर.सी.एस. म्हणून दिसतो. मोठ्या रकमेचा असेल तर स्पेशल म्हणजे वरिष्ठ स्तराच्या कोर्टात गेलेला असू शकतो. ई-कोर्टच्या साइटवर तुम्हाला सापडत नाही याचं कारण सोपं आहे, ई-कोर्ट प्रकल्पच २००७ चा, तुमचा दावा त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी निकाली निघालेला, तो कोण कशाला टाइप करून बसेल. आता तिसऱ्या टप्प्यात जुनं रेकॉर्ड स्कॅन करायचं चाललंय पण त्यावर विसंबून बसू नका. तरी एकदा शोधून बघायला हरकत नाही, पक्षकाराच्या नावाने, साल टाकून, आणि "निकाली" निवडून, कारण पुष्कळ जण फक्त प्रलंबितमध्ये शोधतात. आणि इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा, माझ्या आजोबांचं नाव ज्ञानदेव, ते डी-एन-वाय ने सुरू होतं की जी-वाय ने की सरळ डी-एन-ए, हे त्या टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. सापडलाच तर अक्षरं-आकडे मिळून सोळाचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख नंबर, दिसेल, आपल्याकडचा एमएच ने सुरू होतो, तो लिहून घ्या.

आमचा नंबर कोर्टात सापडलाच नाही, तो सापडला तलाठ्याकडे. हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. वाटणीचा निकाल लागला आणि त्याप्रमाणे सातबाऱ्यावर नावं चढली असतील तर त्याचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, झालेलाच असणार. जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात एक आकडा असतो ना, तो फेरफार नंबर. तो घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीतला उतारा, काढायचा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन आपले अभिलेख या साइटवर आलेत, नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज. आमच्या फेरफारात निळ्या शाईने, अर्धं पुसट, असं लिहिलेलं होतं: "मे. दिवाणी न्यायाधीश क. स्तर यांचेकडील रे.मु.नं. २१४/७९ चे हुकूमनाम्यावरून वाटप झालेने नोंद केली असे." क. स्तर म्हणजे कनिष्ठ स्तर, आणि हुकूमनामा म्हणजे निकालावरून निघालेला कोर्टाचा हुकूम, इंग्रजीत डिक्री. एवढ्या एका ओळीसाठी मी चार महिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. आईला फोन करून वाचून दाखवली तर ती म्हणाली, अगं हो, एकोणऐंशीच, तेव्हा तुझा मामा दहावीला होता. आता आठवतंय!

फेरफारात नुसतं "कोर्ट निकालावरून" एवढंच असेल तर मग वकिलांकडे वळा. वकील वारले तरी त्यांचं ऑफिस कुणीतरी चालवत असतं, मुलगा नाहीतर ज्युनिअर, आणि माळ्यावर जुन्या ब्रीफा पडलेल्या असतात. नाहीतर त्यांचा जुना कारकून गाठा, वकिलापेक्षा त्याला जास्त आठवतं. तेही नाही जमलं तर शेवटचा रस्ता म्हणजे कोर्टात दाव्यांचं रजिस्टर बघण्यासाठी अर्ज करून त्या साला-दोन सालांतली पानं उलटणं. त्यासाठी मात्र एखादा स्थानिक वकील धरा, एकट्याने गेलात तर रजिस्टर सापडेपर्यंतच चार तारखा जातील.

एक गोष्ट आधीच तपासून घ्या, तो दावा दिवाणी कोर्टातलाच होता का. गावाकडे "कोर्टात केस होती" म्हणतात तेव्हा अर्ध्या वेळा ती मामलेदार कचेरीत नाहीतर प्रांताकडे चाललेली असते. १९४८ च्या कुळकायद्याची प्रकरणं, त्यातल्या कलम ३२ग ची म्हणजे कुळाने जमीन विकत घेण्याच्या किमतीची चौकशी, वहिवाटीचा रस्ता, हे सगळं महसूलकडे. त्याचा कागद दिवाणी कोर्टात जन्मात सापडणार नाही, तो तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो, आणि तिथे मात्र माहितीचा अधिकार चालतो. माझ्या चुलत भावाने असाच सहा महिने चुकीच्या इमारतीत शोध घेतला.

दुसरं, त्या वर्षी तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात होतं ते बघा. सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१ ला झाले, लातूर १९८२ ला, वाशिम आणि नंदुरबार १९९८ ला, पालघर तर २०१४ चं. त्यामुळे १९८० चा सावंतवाडीकडचा दावा असेल तर अपिलाचं रेकॉर्ड रत्नागिरीलाही विचारावं लागू शकतं. तालुक्याला कोर्टच नंतर आलं असेल तरी तेच, आधी शेजारच्या तालुक्यात चालायचं. आणि निकाली दाव्यांचे गठ्ठे काही वर्षांनी जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूमला जातात, तेव्हा तालुक्यात "इथे नाही" म्हणाले तर "मग कुठे पाठवलंय आणि कधी" हे विचारल्याशिवाय हलू नका.

नंबर हातात आला की नक्कल विभागात अर्ज. छापील फॉर्म असतो, नसला तर साध्या कागदावरही घेतात, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. दाव्याचा नंबर, दोन्हीकडच्या पक्षकारांची नावं, निकालाची तारीख माहीत असेल तर ती, आणि कुठले कागद हवेत. पानांप्रमाणे पैसे नंतर भरायचे. इथे मी मोठी चूक केली ती सांगते. मी अर्जात लिहिलं "निकालाची नक्कल मिळावी." तीन आठवड्यांनी नक्कल मिळाली, एकच पान, आणि त्यावर इतकंच की पक्षकारांनी नि. २७ ला तडजोड पुरसीस (समेट झाल्याचं लेखी निवेदन) दिली, सबब नि. २७ प्रमाणे हुकूमनामा करावा. झालं. कुणाला कुठला गट, किती गुंठे, विहिरीत कुणाचा कितवा हिस्सा, काहीच नाही. ते सगळं त्या पुरसिशीत आणि हुकूमनाम्यात. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा स्टॅम्प, पुन्हा तीन आठवडे. नि. म्हणजे निशाणी, दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला तो आकडा पडतो, हेही तेव्हाच कळलं. तर तुम्ही एकाच अर्जात सगळं मागा: वादपत्र (मूळ दाव्याचा कागद), कैफियत (त्यावरचं प्रतिवादीचं लेखी उत्तर), निकालपत्र, हुकूमनामा, तडजोड झाली असेल तर पुरसीस, आणि रोजनामा. रोजनामा लोक मागत नाहीत पण तो सगळ्यात कामाचा, कुठल्या तारखेला काय झालं, कोण मयत झालं, कुणाचे वारस लावले, सगळं ओळीने असतं, त्यावरून पुढे काय मागायचं ते कळतं.

हुकूमनामा मिळाला की तो प्राथमिक आहे की अंतिम ते वाचा. वाटणीत आधी प्राथमिक होतो, कुणाचा हिस्सा किती तेवढा ठरवणारा. मग शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कागद कलेक्टरकडे जातात, तिथून तहसीलदार, मग मोजणी. म्हणजे कुठला तुकडा कुणाला गेला त्याचा वाटप तक्ता आणि नकाशा कोर्टात नाही तर तहसील नाहीतर भूमी अभिलेखकडे शोधावा लागतो. बऱ्याच घरांत प्राथमिक हुकूमनाम्यावरच सगळं थांबलेलं असतं आणि लोक चाळीस वर्षं "वाटणी झाली" म्हणून कसत असतात, तुमचं तसं निघालं तर मग वकिलाला विचारल्याशिवाय पुढे काही करू नका.

फाईल जागेवर सापडली नाही तर लगेच हरवली असं समजू नका. अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड वरच्या कोर्टाने मागवून घेतलेलं असतं, आणि ते परत आलंच असेल असं नाही. जिल्हा कोर्टात अपिलाच्या नंबराने विचारा. आणि खरंच नष्ट केलं असेल, कारण जुने कागद ठराविक मुदतीनंतर नियमाने नष्ट करतात, निकालपत्र-हुकूमनामा सगळ्यात जास्त टिकतो, साक्षीपुराव्याचे कागद आधी जातात, तर तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. अर्जावरच तसा शेरा मारून घ्या, सही-शिक्क्यासकट. तो शेरा असला की घरात सापडलेली झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून, म्हणजे मूळ कागदाऐवजी, पुढे करता येते, शेरा नसेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

नक्कल हातात आली की मागची बाजू बघा, तिथे अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखांचा शिक्का असतो. अपिलाच्या मुदतीतून नकलेला लागलेले दिवस वजा होतात ते याच तारखांवरून, तुम्हाला आत्ता लागणार नाही पण पुसट उमटला असेल तर तिथेच परत मारून घ्या.

आणि मे महिन्यात जाऊ नका, उन्हाळ्याची सुट्टी असते, ऑफिस उघडं असलं तरी रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर. मी दोनदा एसटीने जाऊन कुलूप बघून आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जा, सोमवार सोडून, सकाळी साडेदहा-अकराला, आणि तो फेरफार आधी काढा.