वाचकांचे प्रश्न : जळक्या तेलाचं बायोडिझेल

गावपातळीवर बायोडिझेल तयार करण्याबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक सहा इथे घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. फरसाणवाले, दोन खानावळी आणि एक मंगल कार्यालय मिळून रोज पंधरा-वीस लिटर तळून उरलेलं तेल द्यायला तयार आहेत. थेट युनिट टाकावं का? (संगमनेर तालुका)

आत्ता नको. आधी तीन महिने नुसतं तेल गोळा करा. ‘देतो’ म्हणणारा दुकानदार आणि दर आठवड्याला कॅन भरून ठेवणारा दुकानदार यांत पुष्कळ अंतर असतं. जळकं तेल कुणी फेकून देत नाही. ते रोख पैशाला छोट्या गाड्यांवर जातं आणि पुन्हा कढईत पडतं. तुमची स्पर्धा त्या खरेदीदाराशी आहे. तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे बिघडलेले घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी ‘रुको’ ही योजना सुरू केली. मात्र रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनाच नोंदवही सक्तीची आहे. तुमचे बरेचसे दुकानदार त्याखाली असणार, त्यामुळे धाकाने काम होणार नाही. वार ठरलेला, कॅन तुमचा आणि पैसे जागेवर, एवढं पाळलं तर तेल मिळेल.

प्रत्येकाला झाकणाचा २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन द्या. तेल उचलताना नळी तळापर्यंत घालून चमचाभर तेल काढा आणि गरम तव्यावर टाका. तडतडलं तर पाणी आहे. वरचं तेल तपासून उपयोग नाही, पाणी तळाशीच बसतं. आणलेलं तेल साडीच्या दुहेरी कापडातून गाळा आणि आठवडाभर उन्हात ड्रममध्ये निवळू द्या. ड्रमचा कॉक तळापासून चार बोटं वर बसवा, म्हणजे गाळ खालीच राहील.

हे तेल आधी ‘रुको’खाली नोंदणी असलेल्या संकलकाला विका. पैसा सुरू होईल आणि खरे आकडे हाती येतील : निव्वळ लिटर किती, गाळ किती, कोणत्या महिन्यात किती. मंगल कार्यालयाचं तेल लग्नसराईत धो धो येतं आणि चातुर्मासात आटतं. तरीही महिन्याला निवळलेलं ४०० लिटर सातत्याने जमत असेल, तर आठवड्याला १०० लिटरची एक बॅच निघेल आणि युनिटचा विचार करता येईल. ते जाळणार कोण, हेही आधी लिहून काढा. पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप तासाला साधारण एक लिटर पितो. त्यावरून गटाची गरज काढा.

पहिली १०० लिटरची बॅच छान झाली. दुसरी श्रीखंडासारखी घट्ट झाली. माप तेच होतं, भांडं तेच होतं. चुकलं कुठे? (चिखली, जि. बुलढाणा)

माप तेच ठेवलं, तिथेच चुकलं. तेल जितकं जास्त तळलेलं, तितकी त्यात मुक्त मेदाम्लं जास्त. तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल आणि ग्लिसरीन बनवण्यासाठी जे कॉस्टिक घालतो, ते आधी त्या आम्लांवर खर्च होतं, त्याचा साबण बनतो आणि खऱ्या अभिक्रियेला पुरेसं उरत नाही. पाणी असेल तर साबण आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक ड्रमचं टायट्रेशन (तेलाची आम्लता मोजण्याची चाचणी) करायचंच. दहा मिनिटांचं काम आहे.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश नव्हे) विरघळवा. काचेच्या छोट्या ग्लासात १० मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लता संपली की गुलाबी होणाऱ्या द्रव्याचे) दोन-तीन थेंब टाका आणि अल्कोहोलची स्वतःची आम्लता जाईपर्यंत, म्हणजे फिकट गुलाबी छटा येईपर्यंत, पोटॅशचं पाणी थेंबाथेंबाने घाला. आता सिरिंजने बरोबर १ मिली तेल घाला आणि हलवा. मग मोजून पोटॅशचं पाणी सोडा. गुलाबी रंग १५-२० सेकंद टिकला की थांबा. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर हळद अल्कोहोलमध्ये भिजवून गाळा, तीही चालते : पिवळा रंग लालसर झाला की थांबायचं. फक्त मसाल्याची मिसळलेली हळद नको.

जितके मिली लागले, त्यात ७ मिळवा. तेवढे ग्रॅम पोटॅश एका लिटर तेलाला. समजा ३ मिली लागले, तर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला एक किलो. पोटॅश ज्या डब्यातलं बॅचला वापरणार, त्यातलंच टायट्रेशनला घ्या, म्हणजे त्याची शुद्धता कमी असली तरी आम्लांपुरता हिशेब आपोआप जुळतो; वरचे ७ ग्रॅम मात्र शुद्धता कमी असेल त्या प्रमाणात वाढवावे लागतात. डब्याचं झाकण उघडं राहिलं की पोटॅश हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बॅचा बिघडतात, त्यात याचा वाटा मोठा असतो. आकडा ५-६ च्या वर गेला तर ते तेल कमी आंबलेल्या तेलात मिसळून आकडा खाली आणा.

मिथेनॉल १०० लिटरला २० लिटर. हिशेबाने बारा-तेरा लिटर पुरतं, पण अभिक्रिया उलटी फिरू नये म्हणून जास्त लागतं. पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळताना भांडं तापतं, म्हणून हळूहळू घाला. तेल आधी १०० अंशांवर नेऊन पाणी घालवा, मग ५५ अंशांवर उतरवा आणि मगच मिश्रण सोडा. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, त्यामुळे ६० च्या वर जाऊ नका. तासभर पंपाने फिरवा आणि रात्रभर ठेवा. खाली गडद ग्लिसरीन बसेल, ते कॉकने काढा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. चूल, शेगडी, विडी सगळं लांब ठेवा. तेल तापवायलाही विजेचा हीटर किंवा गरम पाण्याची कॉइल बरी, आणि मिथेनॉल उघडण्याआधी हीटर बंद.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवा. सगळं विरघळलं तर बॅच पुरी झाली. तळाशी तेलाचा थेंब बसला तर अर्धवट आहे. उन्हाळ्यात मात्र ३५-४० अंशांना ही परीक्षा खोटी पास होते, कारण गरम मिथेनॉलमध्ये अर्धवट तेलही विरघळतं. नळी आधी माठाच्या पाण्यात गार करा. थोडंसंच बसलं असेल तर ५ लिटर मिथेनॉल आणि २०० ग्रॅम पोटॅश घेऊन पुन्हा फिरवा.

धुताना पहिलं पाणी झारीने, न ढवळता. ढवळलं की दुधासारखं होतं. झालंच तर कोमट मिठाचं पाणी घालून थांबा. तीन-चार धुण्यांनंतर खालचं पाणी स्वच्छ आलं की बायोडिझेल ५० अंशांवर उघड्या भांड्यात फिरवून वाळवा. बरणीपलीकडची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत.

तुमची श्रीखंड झालेली बॅच आता इंधन होणार नाही. तिच्यात मिथेनॉल आहे, म्हणून घरात नेऊ नका आणि तापवूही नका.

आमच्याकडे उंडी आणि करंज भरपूर. त्यांच्या बियांचं तेल चालेल का? (गुहागर)

चालतं, पण सुरुवात त्याने करू नका. उंडीच्या तेलात मुक्त मेदाम्लं २० टक्क्यांच्या आसपास असू शकतात. वरच्या टायट्रेशनमध्ये आकडा पस्तिशीच्या घरात जाईल. अशा तेलावर आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलची वेगळी प्रक्रिया करावी लागते, कधी दोनदा. परसातल्या युनिटचं ते काम नाही. करंज त्यामानाने सोपा, पण बी ओलसर साठवली की तोही आंबतो. गावच्या एक्स्पेलरवर बियांच्या वजनाच्या पावपट तेल निघतं, बाकी पेंड. ती गुरांना नको, शेताला उत्तम.

करंजावर गाव उभं राहू शकतं, याचं उदाहरण विदर्भाला लागूनच आहे. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या गोंड वस्तीतल्या बचत गटांनी करंज लावला, तेलाचा घाणा चालवला आणि २००३ मध्ये १४७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाणं टाळण्याच्या बदल्यात जागतिक बँकेकडून ६४५ डॉलर मिळवले. रक्कम लहान, पण त्यांचा पाया होता बी आणि पेंड. मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) मागे लागू नका. ‘पडीक जमिनीत पाण्याविना पीक’ म्हणून तो देशभर लावला गेला. तो पडीक जमिनीत जगतो खरा, पण तिथे पीक देत नाही.

मिथेनॉल विषारी. साखर कारखान्याचा स्पिरिट वापरला तर? (माळशिरस)

साध्या स्पिरिटमध्ये ५ टक्के पाणी असतं, त्याने साबणच होईल. पूर्ण निर्जल इथेनॉलने बायोडिझेल बनतं, पण ग्लिसरीन सहज वेगळं होत नाही आणि उत्पादन शुल्काचे परवाने वेगळेच. मिथेनॉलच बरं, मात्र परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीसह, कुलपात आणि नोंदवहीत. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलने. कॅनवर कवटीचं चित्र काढा आणि पाण्याच्या कॅनसारखा कॅन वापरूच नका. वाफही विषारी आहे. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून.

डिसेंबरात ट्रॅक्टर बायोडिझेलवर सुरूच झाला नाही. फिल्टर मेणासारखा झाला. (निफाड)

तळणीत बहुतेक पामोलिन असतं. त्याचं बायोडिझेल १२-१५ अंशांच्या आसपास गढुळतं आणि निफाडचा पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी डिझेलमध्ये १० ते २० टक्क्यांपर्यंतच मिसळा. शेंगदाणा किंवा पामोलिन तळणारा फरसाणवाला आणि सोयाबीन तेल वापरणारी खानावळ यांचं तेल वेगळ्या ड्रममध्ये ठेवा. थंडीसाठी सोयाबीनचं बरं.

फिल्टर उन्हाळ्यातही तुंबेल. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवून आणतं. पहिल्या टाकीनंतर फिल्टर बदला आणि एक जवळ ठेवा. जुन्या इंजिनातल्या साध्या रबरी नळ्या फुगून मऊ होतात, त्या व्हायटॉनच्या (इंधनाने न फुगणाऱ्या रबराच्या) घाला. साठवणीला तांबं, पितळ किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको. सहा महिन्यांच्या आत संपवा. कॉमन रेल (एकाच नळीतून फार दाबाने इंधन सोडणाऱ्या) इंजिनात किंवा बीएस-६ गाडीत घरचं बायोडिझेल घालूच नका. धुराचा फिल्टर साफ करताना ती इंजिनात जादा इंधन सोडते आणि बायोडिझेल ऑइलमध्ये उतरून बसतं.

ग्लिसरीनचं काय करायचं? आणि बायोडिझेल विकता येईल का? (वाई, जालना)

१०० लिटरच्या बॅचला दहा-पंधरा लिटर गडद ग्लिसरीन निघतं. त्यात मिथेनॉल उरलेलं असतं, म्हणून ते उघड्या भांड्यात, मोकळ्या हवेत आणि माणसांपासून दूर काही दिवस राहू द्या. मग शेणाच्या गॅसच्या टाकीत रोजच्या शेणाच्या एक टक्का घाला, गॅस वाढतो. एकदम बादलीभर ओतलं तर टाकी आंबून गॅस बंद पडेल. पोटॅश वापरलं असेल तर उरलेलं कंपोस्टमध्ये जिरवा. कॉस्टिक सोड्याचं ग्लिसरीन मात्र जमिनीत नको, त्यातला सोडियम जमीन खारवतो. धुण्याचं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका.

विक्रीचं सरळ सांगायचं तर : नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ३० एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किरकोळ विक्रीला नोंदणी लागते आणि माल आयएस १५६०७ या मानकात बसावा लागतो. पाण्याचं प्रमाण किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत, आम्लांक ०.५० च्या आत, असं बरंच काही त्यात येतं. दर १०० लिटरला प्रयोगशाळेचा अहवाल परवडत नाही. सभासदाकडून पैसे घेऊन दिलं तरी ती विक्रीच धरली जाईल, असं समजून चाला. शिवाय रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून औद्योगिक तेलं विकणाऱ्यांवर छापे पडतात, तेव्हा खरं-खोटं नंतर तपासलं जातं. गटाचा पंप, गटाचा जनरेटर, गटाचा जुना ट्रॅक्टर, एवढ्यापुरतंच करा. जास्तीचं तेल कच्चंच, पक्की पावती घेऊन संकलकाला द्या.