डॉक्टर असूनही देवावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस तुम्ही जवळून पाहिला आहे का? दोन्हींचा मेळ तो कसा घालतो?

हो, पाहिलाय. माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. १९९३ पासून तीस वर्षं त्यांनी नवी मुंबईत, कोपरखैरणेत दवाखाना चालवला. मिरजेला एमबीबीएस केलेलं, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. "मेळ" वगैरे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत, म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी त्यांचे पेशंट कोण होते ते सांगायला हवं. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली मुंबईतून वाशीला आला. मागून मसाला आणि धान्याचा बाजार आला, १९९६ साली भाजीपाला आणि फळांचा. बाजाराबरोबर माथाडी कामगार आले, सातारा-सांगलीकडचे, पुणे जिल्ह्यातले. त्यांतले कितीतरी कोपरखैरणे-घणसोलीत राहिले. दिवसभर पाठीवर गोणी, संध्याकाळी भजन. निम्म्याहून अधिक पेशंटांच्या गळ्यात माळ असायची. कंबर आणि मणक्याची दुखणी तर रोजचीच. मसाला मार्केटवाल्यांचा खोकला मात्र आप्पांना सतावायचा, कारण मिरचीच्या धुळीनं सगळेच खोकतात आणि त्या खोकल्याआड टीबी लपून राहतो. "धुळीचा हाय वो" म्हणणाऱ्यालाही, खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला की ते थुंकी तपासायला पाठवायचेच.

आषाढी एकादशीची एक सकाळ. तेव्हा मी नववीत होतो आणि सुट्टी असल्यानं दवाखान्यात केसपेपर काढून द्यायला बसलो होतो. एका टोळीच्या मुकादमांना दोघांनी धरून आणलं. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. मधुमेह होता त्यांना. निर्जळी उपवास धरला होता आणि सकाळची गोळी मात्र नेमानं घेतली होती. ती गोळी ग्लिबेनक्लामाइड. पोटात अन्न असो नसो, ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावतच राहते. बोटातून रक्त काढून मशीनवर पाहिलं तर साखर ४८, म्हणजे फारच खाली.

आप्पांनी कपात चार चमचे साखर विरघळवली. मुकादमांनी मान फिरवली. "मोडंल की वो डॉक्टर, निर्जळी हाय."

आप्पा वाद घालत बसले नाहीत. भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीपुढे तुळस वाहिलेली होती. त्यातलं एक पान उचलून कपात टाकलं, कप आधी स्वतःच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "मुकादम, मीही माळकरी आहे. पाप लागलं तर माझ्या माथी. तीर्थ म्हणून घ्या." त्यांनी घेतलं. पंधरा मिनिटांनी हाताची थरथर थांबली.

मला वाटलं, झालं, आता घरी जातील. पण या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा खाली येऊ शकते. म्हणून आप्पांनी त्यांना दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, दर तासाला बोट टोचलं. घरी फोन केला आणि आईनं डब्यात वरीचा भात नि शेंगदाण्याची आमटी पाठवली. मुकादम तसबिरीला हात जोडून जेवले.

त्या दिवसापासून आप्पांनी एक वही केली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे आणि एकादशी करणारे सगळे पेशंट त्यात. वर्षाला चोवीस एकादश्या. प्रत्येकीच्या आदल्या दिवशी, दशमीला, ते या लोकांना बोलावून घ्यायचे. कुणाची गोळी त्या दिवशी बंद, कुणाची अर्धी, कुणाला तशीच, ज्याच्या त्याच्या औषधाप्रमाणे. (हे वाचून आपल्या मनानं गोळी बदलू नका, डॉक्टरांना विचारा.) साबुदाणा आणि बटाटा पोटभर खाल्ला की साखर उलट चढते, हेही समजावायचे. "उपवास सोडा" असं त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. तसं सांगितलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि घरी जाऊन चोरून उपवास केले असते.

चिडलेलं त्यांना मी एकदाच पाहिलं. एका बाईंनी कुणा बाबाच्या अंगाऱ्यावर विसंबून मुलाच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आप्पा ओरडले, "पांडुरंगानं तुम्हाला गोळ्या बंद करा म्हणून सांगितलं? मला तर नाही सांगितलं!" मग पाणी प्यायले आणि त्या मुलाच्या शेजारी बराच वेळ बसून राहिले.

घरासाठी त्यांचा नियम एकच. रात्री साडेनऊला दवाखान्याचं शटर खाली आणि दहाला आम्ही चौघं एका पंगतीत. इमर्जन्सी आली तर ताटावरून उठायचे, पण परत आल्यावर त्याच ताटावर बसायचे आणि आई तोवर थांबलेली असायची. वारीला मात्र पूर्ण कधी गेले नाहीत. पालखीबरोबर आळंदीहून निघायचे, दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालायचे आणि तिथून परत. तिथेही पिशवीत चिकटपट्ट्या आणि मलम. मुक्कामाला लोकांच्या पायांचे फोड बघत बसायचे.

एक गोष्ट त्यांना अजून सलते. आई वर्षभर थकत होती, वजन वाढलं होतं, आवाज जाड झाला होता. आप्पा म्हणायचे, "दगदग होतेय तुझी, जरा आराम कर." पुढे एका लग्नात त्यांच्या वर्गातल्या डॉक्टर बाई भेटल्या. आईशी दोन मिनिटं बोलल्या आणि आप्पांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, हिचं थायरॉईड बघितलंस का?" बघितलं नव्हतं. रिपोर्ट आला त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. देवघरात बराच वेळ बसले, मग बाहेर येऊन आम्हा दोघा भावंडांसमोर आईला म्हणाले, "चुकलो मी. रोज शंभर माणसं तपासतो आणि तुला पाहिलंच नाही." आई काहीच बोलली नाही, फक्त ताट वाढलं. त्यानंतर घरातल्या कुणालाही त्यांनी स्वतः तपासलं नाही. आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचे आणि तिथे पेशंटच्या नातेवाइकासारखे बाकावर गप्प बसायचे.

आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दवाखाना बंद झाला, वही अजून आहे. दशमीच्या संध्याकाळी चष्मा लावून एकेकाला फोन करतात, "उद्या गोळी कशी घ्यायची सांगितलीय डॉक्टरांनी? म्हणून दाखवा बरं." मुकादम गावी परत गेलेत, त्यांनाही फोन जातो.

पहाटे पाचला आप्पा उठतात. आधी आईला हलकेच उठवून थायरॉईडची गोळी आणि तांब्याभर पाणी देतात, कारण ती उपाशीपोटी घ्यायची असते आणि चहा त्यानंतर तासाभरानं. मग आंघोळ, मग पूजा.