आंबा आणि होमस्टे दोन्ही एकटीने बघते, एप्रिल-मेमध्ये पार गळून जाते. वेळ कसा वाटून घेऊ?

तोडणीच्या आठवड्यांत खोल्यांचं बुकिंग निम्म्यावर आणा आणि दुपारचे १२ ते ३ कोणालाही देऊ नका, बाकीचं वेळापत्रक त्यानंतर बसवा. पाहुण्याला पुढची तारीख देता येते, झाडावर तयार झालेला आंबा थांबत नाही. हापूस उन्हात काढला, तापलेल्या जमिनीवर राहिला की साका (आतला गर स्पंजासारखा होऊन खराब होणं) वाढतो, म्हणून तोडणी सकाळी १० च्या आत किंवा दुपारी ४ नंतर करतात. म्हणजे दुपार बागेनेच मोकळी ठेवलेली असते, पण ती आपण फोनवर आणि पाहुण्यांच्या माशांच्या ताटांत घालवतो. मी रत्नागिरीकडे हेच दोन्ही सांभाळते. पेट्या भरताना कानाला फोन असला की हमखास एखादा देठ मोडतो, चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि भाव उतरतो. म्हणून बुकिंगचे फोन फक्त संध्याकाळी ७ ते ७:३०, आणि तसं पाहुण्यांना आधीच कळवून ठेवायचं. आंब्याचं साठं, आमसुलं, फणसाचे पापड सगळं याच मेमध्ये घरीच व्हायला हवं, हा हट्टही सोडा. कोकमं शेजारणीला अर्ध्या वाट्याने द्या, तिलाही चार पैसे मिळतील.

मात्र मिरग (मृग नक्षत्र) लागून बाग रिकामी झाली तरी झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर नुसत्या वेळापत्रकाने भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे.