पीजी करताना बाळ: ‘सीट सोड’ याशिवायही रस्ता आहे

तू विचारलं आहेस की पीजीच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षात दिवस गेले तर ‘सीट सोड नाहीतर सगळ्या ड्युट्या कर’ एवढंच हातात असतं का, आणि कुठल्या देशात बायकांनी यावर काही मिळवलं आहे का. मिळवलं आहे. त्याचा फायदा मी स्वतः घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुला जे ऐकवलं गेलं तेच मलाही मुंबईत एका युनिटमध्ये ऐकवलं होतं. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेले आणि तिथे दोन लहान मुलं सांभाळत बालरोग विभागात अर्धवेळ रजिस्ट्रार, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठी शिकणारी डॉक्टर, झाले. बुधवारी दुपारी एक वाजता मी ब्लीप (ड्युटीवरच्या डॉक्टरला बोलावायचा पेजर) दुसऱ्या रजिस्ट्रारच्या हातात द्यायचे आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक बाळापुढे तीन गोष्टी लिहायचे: रात्रभरात दूध किती गेलं, कुठला रिपोर्ट यायचाय, आईला काय सांगितलंय. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण डॉक्टर बदलला की आई घाबरते ती उत्तर बदललं म्हणून.

ही जागा मला कुणाच्या मेहेरबानीने मिळाली नव्हती. १९२१ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस नगरपालिकेनं डॉ. ग्लॅडिस मायल-स्मिथ यांना लग्न केलं म्हणून नोकरीवरून काढलं, आणि त्या तर माता-बालकांच्या आरोग्याचंच काम बघत होत्या. १९१७ मध्ये स्थापन झालेली मेडिकल विमेन्स फेडरेशन ही स्त्री डॉक्टरांची संघटना अशा अन्यायांविरुद्ध भांडत राहिली. १९४४ मध्ये गुडइनफ समितीनं सांगितलं की सरकारी पैसा हवा असेल तर मेडिकल कॉलेजांनी मुलींनाही घ्यावं, साधारण एक पंचमांश तरी. कॉलेजांनी तो ‘तरी’ गाळला आणि तेवढ्यावरच मुलींना अडवलं. हे कोटे संपायला १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा यावा लागला.

५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, पण ट्रेनिंगच्या जागा पूर्णवेळ, बऱ्याचदा हॉस्पिटलातच राहण्याच्या. मूल झालं की बाई बाहेर. साठच्या दशकात तिथले वॉर्ड भारत-पाकिस्तानातून आलेल्या ज्युनियर डॉक्टरांच्या जिवावर चालत होते, आणि त्याच गावात शिकलेल्या डॉक्टर बायका घरी बसून होत्या. मला हे आजही खटकतं.

रोझमेरी रू हे नाव लक्षात ठेव. १९५० मध्ये लग्न केलं म्हणून लंडनचं मेडिकल कॉलेज सोडावं लागलं. ऑक्सफर्डला जाऊन ती डॉक्टर झाली. पुढे नवरा आणि मूल आहे हे कळल्यावर पहिली नोकरी गेली. १९५४ मध्ये पोलिओ झाला, पाय अधू झाला. १९६५ मध्ये ती ऑक्सफर्डच्या विभागीय हॉस्पिटल मंडळात आली आणि तिनं घरी बसलेल्या डॉक्टर बायकांना शोधून त्यांच्यासाठी अर्धवेळ ट्रेनिंगची योजना उभी केली. पुढे हीच बाई ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची अध्यक्ष झाली.

‘बायका सीट वाया घालवतात’ हे तेव्हाही सर्रास म्हटलं जायचं. फेडरेशननं त्यावर चिडून भाषणं दिली नाहीत, पाहणी केली. जीन लॉरी आणि मॉली न्यूहाउस यांनी एका सहकाऱ्यासह १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती मांडली: बहुतेकजणी काम करतच होत्या, पुष्कळजणी अर्धवेळ. मग सरकार हललं. १९६९ मध्ये अर्धवेळ जागांचं परिपत्रक निघालं. १९७२ च्या रिटेनर योजनेत घरी असलेल्या डॉक्टरला वर्षाला ५० पौंड मिळत, आणि तिनं नोंदणी चालू ठेवायची, थोडे दिवस काम करायचं, व्याख्यानांना यायचं. रक्कम किरकोळ, पण धागा तुटत नसे. १९७९ च्या परिपत्रकानं मंजूर जागांच्या वर जादा अर्धवेळ जागा देण्याची पद्धत पक्की केली.

सगळी मेख या ‘जादा’ शब्दात आहे. पूर्णवेळ जागेवर अर्धं माणूस आलं की उरलेल्या ड्युट्या सहकाऱ्यांच्या गळ्यात पडतात आणि तीच मुलगी शत्रू ठरते. जादा जागा असली की ती आल्यानं काम हलकंच होतं. ट्रेनिंगमध्ये कपात नाही. अर्धवेळ केलं तर वर्षं त्या प्रमाणात वाढतात.

मोजून भांडण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड, आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, त्यांनी तीसच्या दशकातच मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणं शोधायला पाहणी केली होती.

तेव्हा तू एकटी युनिट हेडच्या केबिनमध्ये जाऊ नकोस. गेल्या पाच वर्षांत तुमच्या कॉलेजात किती रेसिडेंट बाळंत झाल्या, किती जणींनी सीट सोडली, किती जणी परत आल्या, हे दोघी-तिघींनी मिळून कागदावर काढा. अर्जात सवलत हा शब्द नको. रजेच्या काळासाठी जादा माणूस आणि तेवढा वाढीव कालावधी मागा, आणि अर्जाची पोच घ्या. थिसिसच्या गाईडशी आधी बोल, तारखा त्यांच्याच हातात असतात. आणि आज रात्री ओपीडीतून एक स्टूल लेबर रूममध्ये आणून ठेव, दोन पेशंटच्या मध्ये पाय वर घेऊन बस.