अमेरिकेत कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला (क्रीडा विभागाच्या प्रमुखाला) कॉन्फरन्सचं, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, कमिशनरपद (प्रमुखपद) देऊ केलं, तर त्याने काय बघावं?

पगाराचं नंतर, आधी दोन कागद मागवावेत. टीव्ही हक्कांचा करार कधी संपतो आणि बाहेर पडणाऱ्या विद्यापीठाला किती दंड आहे. कॉलेजात कोच नेमणं-काढणं डायरेक्टरच्या हातात असतं. कमिशनरला मात्र विद्यापीठांच्या अध्यक्षांची मतं जुळवत बसावं लागतं. देणग्या मिळवण्याचा हातखंडाही इथे फारसा कामाचा नाही.

जिम फिलिप्स नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं डायरेक्टरपद सोडून 2021मध्ये एसीसी या कॉन्फरन्सचे कमिशनर झाले. ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी करार 2036पर्यंतचा, पण पैसे एसईसी आणि बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सपेक्षा कमी. त्यावरूनच धुसफूस. डिसेंबर 2023मध्ये एसीसीतल्याच फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाशी कोर्टबाजी सुरू झाली, पाठोपाठ क्लेमसन विद्यापीठाशी. मार्च 2025मध्ये तडजोड झाली, तीही टीव्हीवरच्या प्रेक्षकसंख्येनुसार उत्पन्नाचा मोठा वाटा वाटायचं कबूल केल्यावर.