नवऱ्याचे कोरियन सहकारी जेवायला येणार आहेत. ते कुत्रा खातात म्हणून सासूबाई घरची भांडी द्यायला तयार नाहीत. कुठला प्राणी खायचा आणि कुठला नाही, हे नक्की ठरतं कसं?

मी पुण्यात केटरिंगचा धंदा करतो. जावळ, साखरपुडा, कंपन्यांच्या पार्ट्या, जे येईल ते. कोणाला काय चालत नाही हे लिहून घेतल्याशिवाय माझी ऑर्डरची वही पुढे सरकत नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोरियापासून सुरू न करता वाघोलीच्या बाजूनं सुरू करतो. भांड्यांकडे येतोच.

पुण्याच्या पूर्वेला, हवेली तालुक्यात वाडेबोल्हाई नावाचं गाव आहे. तिथली बोल्हाई ज्यांची देवी, त्या घरांत शेळी-बोकडाचं मटण चालत नाही, मेंढीचं चालतं. शहरात आणि आसपास दुकानांवर ‘बोल्हाई मटण’ अशी पाटी दिसते ती याचसाठी. नव्यानं पुण्यात आलेल्यांना ते मालकाच्या आईचं नाव वाटतं.

अशा एका घरची जावळाची ऑर्डर होती. मटण मी आणणार असं ठरलं होतं, तरी घरातले आजोबा सकाळी खाटकाकडे स्वतः हजर. सोलायच्या आधी त्यांनी शेपटी बघितली. शेळीची आखूड आणि वर उचललेली असते, मेंढीची खाली लोंबते. खात्री झाल्यावरही तुकडे होईस्तोवर ते जागचे हलले नाहीत. मग आमच्या आचाऱ्याला विचारलं, “ह्या पातेल्यात काल काय केलं होतं?” काल बोकडाचा रस्सा झाला होता. आचाऱ्यानं मुकाट्यानं दुसरं पातेलं काढलं, डाव आणि झारासुद्धा बदलला. मी जरा धीर करून कारण विचारलं. आजोबा म्हणाले, “देवीला चालत नाही.” विषय संपला. रस्सा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

आता बघा. शेळी आणि मेंढी एकाच माळावर चरतात, एकाच खाटकाकडे एकाच सुऱ्यानं कापल्या जातात. दोघी रवंथ करतात, दोघींचे खूर दुभंगलेले. तब्येतीच्या, स्वच्छतेच्या किंवा भूतदयेच्या दृष्टीनं दोघींत काडीचा फरक नाही. तरी रेघ अशी कडक की पातेलंही बदलावं लागतं. म्हणून अमुक प्राणी का खाऊ नये याचं कोणी शास्त्रीय कारण सांगायला लागलं की मी ते आधी बोल्हाईच्या मटणाला लावून बघतो.

मार्विन हॅरिस नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं साधारण असं, की जो प्राणी मारण्यापेक्षा जिवंत ठेवणं फायद्याचं, तो पवित्र होतो. आणि ज्याला पोसणं परवडत नाही, तो निषिद्ध. आपल्या बैलाला हे चपखल बसतं. बैल खाल्ला तर पेरणी कशानं करणार? पोळ्याला पुरणपोळी त्यालाच का, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी आली, बैल आणि वळू त्यात २०१५ मध्ये आले. म्हैस-रेडा अजूनही या बंदीच्या बाहेरच आहे, आणि कॅम्पात ‘बडे का’ म्हणून मिळतं ते हेच. गंमत म्हणजे बैल कायद्यात आला तोवर नांगरटीला गावोगाव ट्रॅक्टर पोचला होता.

डुकराचंही हॅरिस असंच सांगतात. त्याला घाम येत नाही, वाळवंटात सावली आणि पाणी लागतं, माणूस खातो तेच ते खातं, वर दूध नाही की ओझं ओढत नाही. पटतं. पण मग उंटाचं काय? ज्यू धर्मग्रंथात डुकराच्या बरोबरीनं उंटही निषिद्ध आहे, कारण तो रवंथ करतो पण खूर नियमात बसत नाहीत. त्याच भागातल्या मुसलमानांना उंट चालतो. वाळवंट तेच, जनावर तेच.

घोड्याची गोष्ट तर आणखी वळणं घेते. इसवी सन ७३२ च्या सुमारास पोप ग्रेगरी तिसरे यांनी घोड्याचं मांस खाऊ नका असं बजावलं, कारण जर्मन टोळ्या आपल्या जुन्या देवांना घोडा वाहून तो खात. म्हणजे अडचण घोड्याची नव्हती, घोडा कोण खातं याची होती. फ्रान्सनं १८६६ मध्ये त्याची विक्री कायदेशीर केली आणि तिथे घोड्याच्या मांसाची वेगळी दुकानंच निघाली. खाडी ओलांडून इंग्लंडात जा, २०१३ मध्ये बीफ म्हणून विकलेल्या लझान्यात घोडा सापडला तर केवढा गहजब! आणि कझाकस्तानात घोड्यावर बसतात, घोडीचं दूध पितात आणि सणाला घोड्याचं सॉसेजही करतात. हॅरिस इथे जरा अडखळतात. बोल्हाईपाशी तर त्यांचं काहीच चालत नाही.

माझ्या वहीत यापेक्षा बारीक रेघा आहेत. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगशी संबंधित एका बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी ज्यू, कुटुंबाचं काम असतं, तिथे कोळंबी, खेकडा बंद. मासा खवले आणि पर असलेला, म्हणजे रोहू, रावस वगैरे. मटण त्यांच्या पद्धतीनं कापलेलं लागतं, ते ते स्वतः आणतात. त्यात दही घालायचं नाही, नारळाचं दूध घालायचं. बोहरी घरातही मासा खवल्यांचाच, पण कोळंबी चालते. कोकणातल्या सारस्वत ब्राह्मणाच्या घरी मासे, आणि त्यांचेच कोकणस्थ शेजारी शाकाहारी. (कोकणस्थांतले किती जण बाहेर चिकन खातात हे मला धंद्यामुळे माहीत आहे, पण ते सांगणार नाही.) रानडुकराच्या मटणाच्या आठवणी चवीनं सांगणारे आमचे घाटावरचे पाहुणे गावातल्या डुकराचं नाव काढलं तरी ताटावरून उठतील. मुळशी-भोरकडचे कातकरी भातशेतातले उंदीर खातात. भात खाऊन पोसलेला उंदीर आणि धान्य खाऊन पोसलेली कोंबडी, यात मला तरी तत्त्वाचा फरक सांगता येत नाही.

शिवाय वार. मटण तेच, दुकान तेच, पण सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीला नाही, श्रावणात तर नाहीच, आणि श्रावण लागायच्या आधी गटारीला खाटकाकडे रांग. प्यू रिसर्च सेंटरनं २०२१ मध्ये भारतातल्या धर्मांवर एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात ३९ टक्के लोकांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं होतं, पण मांसाबाबत काही ना काही बंधन पाळणारे होते ८१ टक्के. म्हणजे सामिष खाणाऱ्यांतही बहुतेकांकडे आपापली यादी आहे. कोणी कापलं, हाही त्या यादीचाच भाग. गावाकडे हिंदूंच्या जत्रेतला बोकडसुद्धा पिढ्यानपिढ्या मुसलमान मुलाणी कापत आला आहे आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. हल्ली त्यावरही पाट्या लागतात.

हे सगळं बघून माझं मत असं झालंय की खाण्याची यादी प्राण्याबद्दल फार थोडं सांगते. आपण कोण, आपल्यात कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे ती सांगते. कारणं नंतर चिकटवली जातात. किळस खोटी नसते, हे मान्य. मला कोणी कुत्र्याचं मांस वाढलं तर माझ्याही घशाखाली उतरणार नाही. त्यात जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, म्हणजे आपल्याकडे तर तो देवाच्या घरचाच. प्रश्न येतो तो किळस प्राण्यावरून माणसावर आणि माणसावरून भांड्यावर सरकते तेव्हा.

आणि ही सरकासरकी महाराष्ट्राला नवी नाही. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांवर टाकलेलं होतं. त्याचं मांस त्यांच्या वाट्याला येई, ते वाळवून त्याच्या चान्या करून ठेवत, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. आणि मग ‘हे मेलेलं खातात’ म्हणून त्यांचीच भांडी वेगळी, पाणवठा वेगळा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं आपल्या लोकांना सांगितलं, ते याच पार्श्वभूमीवर. ज्यांनी सोडलं त्यांची भांडी लगेच गावाबरोबर आली का? नाही आली. मेलेलं खाणं हे निमित्त होतं. तुमच्या सासूबाईंना हे असं तोंडावर सांगू नका, घरात भांडण होईल. पण तुम्हाला माहीत असू द्या.

आता कोरियाचं. तिथे कुत्र्याचं मांस खाल्लं जात होतं, विशेषतः उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक दिवसांत, अंगात ताकद येते म्हणून त्याचं सूप पीत. पण तो जुन्या पिढीचा विषय. शहरातल्या तरुण कोरियनांच्या घरात कुत्रा असतो तो सोफ्यावर, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी ते मांस कधी चाखलेलंही नसतं. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेनं खाण्यासाठी कुत्रे पाळणं, मारणं आणि विकणं यावर बंदीचा कायदा केला; तो २०२७ पासून पूर्ण लागू होतो, मधला काळ या धंद्यातल्या लोकांना बाहेर पडायला दिला. ‘ते कुत्रा खातात’ हे वाक्य तुमच्या पाहुण्यांना लागू असण्याची शक्यता म्हणूनच कमी. उलट आपल्याच देशात, नागालँडमध्ये, सरकारनं २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठानं २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. पुण्यात नागा मुलंमुली शिकतात, नोकऱ्या करतात, आणि ‘तुम्ही कुत्रा खाता ना?’ हे त्यांना घरमालकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे विचारतात. पाहुण्यांना तेवढं विचारू नका. त्यांनी तुम्हाला ‘तुमच्याकडे गाय रस्त्यात बसते ना’ म्हणून छेडलं तर जसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं.

सासूबाईंना एवढंच सांगा की पाहुणे आपल्या घरात आपलं जेवण जेवणार आहेत, आणि भांडी नंतर घासलीच जाणार आहेत. तरी नाही म्हणाल्या तर ताणू नका. आजोबांसाठी मी पातेलं बदललं, तसं सासूबाईंचं ताट-वाटी वेगळी काढून ठेवा आणि बाकीची वापरा. पाहुण्यांसमोर मात्र सगळ्यांना सारखीच ताटं हवीत. कागदी प्लेटा त्यांच्यापुढे आणि स्टील घरच्यांपुढे असं करू नका, ते कोणत्याही देशाच्या माणसाला कळतं.

जेवणाचं म्हणाल तर गाय, डुक्कर या भानगडीत न पडता कोंबडी करा. त्याच कडक उन्हाळ्यात कोरियन लोक अख्ख्या कोंबडीत तांदूळ आणि जिनसेंग घालून सूप करतात, त्यामुळे कोल्हापुरी पांढरा रस्सा त्यांना परका वाटणार नाही. तिखटाची त्यांना सवय असते, पण गरम मसाला बेतानं घाला. भात भरपूर ठेवा. कोथिंबीर वरून न भुरभुरवता वाटीत वेगळी द्या, पुष्कळ कोरियनांना तिचा वास आवडत नाही. पाहुण्यांत कोणी काही खात नाही का, हे नवऱ्याला आदल्या दिवशी विचारायला सांगा. एखादा शाकाहारी निघाला तर भरलं वांगं आधीच करून ठेवता येईल. आणि सासूबाईंनी कपाटातला काचेचा सेट काढायचं मनावर घेतलं तर नको म्हणा. कोरियात भाताची वाटी, चमचा, चॉपस्टिक्स पुष्कळदा स्टीलचेच असतात, आपल्या ताट-वाटीत ते आरामात जेवतील. सहा माणसांना हाडासकट दोन किलो चिकन घ्या, रस्सा वाढवता येतो.