क्यूबमधल्या कार्डाचं वजन कसं जोखायचं?

या वेळची पत्रं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळातल्या क्यूबबद्दल आहेत. क्यूब म्हणजे स्वतः निवडलेल्या कार्डांचा संच. तो पिसून १५-१५ कार्डांची पाकिटं करायची, प्रत्येकाने एक कार्ड उचलून पाकीट शेजाऱ्याकडे सरकवायचं आणि हाती आलेल्यातून ४० कार्डांचा डेक बांधायचा. या उचलण्याला ड्राफ्ट म्हणतात.

प्रश्न : आठ जणांसाठी ३६० कार्डांचा क्यूब जुळवतोय. प्रत्येक कार्डाला १ ते १० गुण दिले. पण ९ गुणांची कार्डं पडून राहतात आणि ५ वाली सामने काढतात. कुठे चुकतंय?

उत्तर : एका आकड्यात तुम्ही दोन गोष्टी कोंबल्या आहेत : कार्ड चाललं तर किती चालतं, आणि मुळात किती डेकांना ते हवंय. मेंढीकोटात दश्शीसाठी सगळे जीव टाकतात, रमीत तीच हातात राहिली तर दहा गुण बोकांडी बसतात. मॅजिकमधलं ठळक उदाहरण म्हणजे २०१३च्या कमांडर (बहुधा चौघांनी खेळायचा प्रकार) संचातलं ‘ट्रू-नेम नेमेसिस’. तीन मानांचं (माना म्हणजे कार्ड खेळायची ऊर्जा, ती ‘लँड’ कार्डांतून मिळते) ३/१ क्रिएचर, म्हणजे ३ डॅमेज देणारा आणि १ डॅमेज बसताच मरणारा लढवय्या, आणि निवडलेल्या एका खेळाडूपासून पूर्ण संरक्षण. चौघांच्या खेळात उरलेले दोघे त्याला आवरू शकतात. ड्राफ्टचे सामने दोघांत होतात, तिथे आवरणारं कोणी उरतच नाही. कार्ड तेच, एक अक्षरही बदललेलं नाही.

म्हणून आधी क्यूबचं माप ठरवा. तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त मारक कार्ड कोणतं? ‘लाइटनिंग बोल्ट’ असेल, तर एका मानात तीन डॅमेज. आता समोरच्याने चार माना घालून एक साधं ४/३ उतरवलं. तुम्ही एका मानात ते उडवलं आणि उरलेल्या तीन मानांत स्वतःचं क्रिएचर मांडलं. त्याची अख्खी पाळी वाया गेली. याउलट ‘मलड्रिफ्टर’ बघा. पाच मानांचं उडणारं २/२, अंगाने किरकोळ. पण उतरताच दोन कार्डं ओढून देतं. बोल्टने ते मेलं तरी ती दोन कार्डं हातातच असतात. बोल्ट आणि ‘स्वोर्ड्स टू प्लॉशेअर्स’ काढून तीन मानांचं ‘मर्डर’ हे माप धरलंत, तर चार मानांचं साधं ५/५ही टेबलावर दादागिरी करतं. मारक कार्डं ठरवल्याशिवाय क्रिएचरना गुण देऊ नका.

मग प्रत्येक कार्ड तीन ठिकाणी ठेवून बघा : सुरुवातीच्या हातात, हात रिकामा असताना आठव्या पाळीला, आणि आपण मार खात असताना. ‘लॅनोवार एल्व्ह्ज’ पहिल्या पाळीला सोनं, आठव्या पाळीला जवळपास कोरा कागद. तरी ते ठेवायचंच, पण त्याला आंधळेपणाने ९ देऊ नका.

शेवटी हिशेब. आठ जण प्रत्येकी साधारण २३ कार्डं खेळतात (बाकी १७ लँड), म्हणजे १८४. उरलेली १७६ त्या दिवशी नुसती बघे असतात. तुमची ९ वाली बहुतेक त्यांच्यातच बसलेली असणार, कारण ती एकाच डेकाला हवी असतात.

प्रश्न : आम्ही चौघेच असतो. ‘स्प्लिंटर ट्विन’ आणि ‘डिसीव्हर एक्झार्क’ची, एकत्र आली की डाव जिंकून देणारी जोडी घातली, पण ती कधीच जमत नाही. ही कार्डं कमजोर आहेत का?

उत्तर : कार्डं उत्तम आहेत, गणित आडवं येतंय. चौघांत ३६० पैकी १८०च कार्डं उघडतात. एक तुकडा उघडण्याची शक्यता निम्मी, दोन्ही उघडण्याची जेमतेम २५ टक्के, आणि तरी ती दोन वेगळ्या हातांत जाऊ शकतात. पर्यायी तुकडे घाला : ट्विनचं काम ‘किकी-जिकी’ करतं, एक्झार्कचं ‘पेस्टरमाइट’. दोन्हीकडचा किमान एक तुकडा उघडण्याची शक्यता मग साधारण ५६ टक्क्यांवर जाते. यातलं कुठलंही कार्ड एकटं असताना निदान खेळण्याजोगं हवं. पेस्टरमाइट तसं आहे, ट्विन फारसं नाही.

प्रश्न : ‘उमेझावाज जिट्टे’ ज्याच्याकडे तो जिंकतो. किती ड्राफ्ट बघून काढावं?

उत्तर : एरवी आम्ही घाई करू नका म्हणतो. सहाव्या पाळीपर्यंत ४० पैकी १२-१३ कार्डं दिसतात. म्हणजे तीन फेऱ्यांत सात-आठ डाव झाले तर एखादं ठरावीक कार्ड दोन-तीनदाच हाती येतं. तेवढ्यावर निकाल देणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, तीही पातेलं चुलीवर चढायच्या आत.

जिट्टेची गोष्ट वेगळी. ते आर्टिफॅक्ट, म्हणजे वस्तूचं कार्ड आहे, क्रिएचरने वापरायचं शस्त्र. उतरवायला दोन माना, क्रिएचरच्या हाती द्यायला दोन. त्या क्रिएचरने लढाईत डॅमेज दिलं की जिट्टेवर दोन काउंटर (खुणेच्या सोंगट्या), आणि एकेका काउंटरने समोरच्या क्रिएचरला -१/-१. छोट्या क्रिएचरांच्या क्यूबमध्ये दर पाळीला दोन बळी. हे वाचूनच कळतं, वहीची गरज नाही. काढून टाका. ठेवायचंच असेल, तर ‘रिक्लेमेशन सेज’सारखी, एरवीही डेकात बसणारी आर्टिफॅक्टमारक क्रिएचरं पुरेशी घाला. नुसतं आर्टिफॅक्ट फोडणारं कार्ड मुख्य डेकात कोणी घेत नाही.

बाकी कार्डांसाठी वही ठेवा. कितव्या उचलीला गेलं, डेकात बसलं का, डावात हाती आलं का, आणि हरलेल्याच्या मते कशामुळे हरलो. जिंकणारा नेहमी चमकदार कार्डाचं नाव घेतो, हरणाऱ्याला नेमकं कुठे दुखलं ते ठाऊक असतं. आठ जणांत पहिलं पाकीट नवव्या उचलीला सात कार्डं घेऊन परत येतं. त्यात परत दिसलेलं कार्ड आठही जणांनी नाकारलेलं असतं, तुम्ही धरून. तीन ड्राफ्टांत असं झालं तर बदला.

प्रश्न : आमच्याकडे लाल-पांढरा आक्रमक डेक हरतोच. कार्डं तर जोरदार घातलीत.

उत्तर : एका मानाची, दोन ताकदीची क्रिएचरं मोजा. अशा डेकाला ती पाच-सहा तरी लागतात. दोन्ही रंगांत मिळून सहाच असतील तर ती सगळी एकाच्याच हाती पडायला हवीत, आणि ती पडत नाहीत. ‘सॅव्हाना लायन्स’, ‘गॉब्लिन गाइड’ या जातीची प्रत्येक रंगात सात-आठ घाला. जागेसाठी त्याच रंगांतली सहा मानांची कार्डं कमी करा, आणि इतर रंगांतल्या दोन मानांच्या १/४ भिंतीही (हल्ला अडवणारी क्रिएचरं) मोजून बघा.